सुकी पोर्चिनी: चवीला पैकीच्या पैकी, पाकिटाला काठावर पास

वीस, तीस किंवा पन्नास ग्रॅमचं पारदर्शक पाकीट, आत बदामी रंगाचे उभे काप आणि वर इटालियन वळणाचं नाव. इटालियन स्वयंपाकातली रानअळंबी, म्हणजे सुकी पोर्चिनी, ऑनलाइन किंवा परदेशी किराणा ठेवणाऱ्या दुकानांत साधारण याच रूपात मिळते. किलोचा भाव काढायला गेलं तर तो पाच आकड्यांत जातो, म्हणून बहुतेक जण तो काढायच्या भानगडीत पडत नाहीत. इथे एखाद्या कंपनीचं परीक्षण केलेलं नाही, या मालाचं केलं आहे. कारण ज्याबद्दल सगळ्यात जास्त विचारायला हवं, तेच बहुतेक पाकिटांवर नसतं: या रानअळंबीने जंगलातल्या मातीतून चवीबरोबर आणखी काय उचलून आणलंय.

निकाल आधीच सांगून टाकतो. मसाला म्हणून जरूर घ्या, भाजी म्हणून घेऊ नका. त्यामागचं गणित पुढे येईलच.

पाकीट फोडल्यावर पहिली परीक्षा नाकाची. चांगल्या पोर्चिनीला भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि पाऊस पडून गेलेल्या पाचोळ्याचा मिळून असा खमंग वास असतो. आंबूस वास म्हणजे सुकवताना ओल राहिली, धुराचा वास म्हणजे जाळावर घाईत सुकवली. मग एक काप घेऊन वाकवा. कडकन मोडला तर ठीक. चामड्यासारखा वाकला तर पाकिटात दमटपणा शिरला आहे. आता तोच काप उजेडात धरा. वर टोपीचा गर, खाली देठ आणि दोघांच्या मध्ये टोपीच्या खालच्या बाजूने स्पंजसारखा दिसणारा नळ्यांचा थर. या अळंबीला आपल्या बटण मशरूमसारखे पापुद्रे नसतात, उभ्या बारीक नळ्या असतात. कोवळ्या अळंबीत हा थर पातळ आणि पांढरट असतो, जून झाली की जाड आणि हिरवट पिवळा होतो. काळपट बारीक बोगदे दिसले तर त्या अळ्यांच्या वाटा. थोड्या असल्या तर चालतात, पण प्रत्येक काप चाळणीसारखा झाला असेल तर तो उरलेला माल आहे.

नळ्यांच्या थराकडे मुद्दाम लक्ष वेधतोय. पोर्चिनीतला पारा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. देठात कमी, टोपीत जास्त आणि नळ्यांच्या थरात सर्वात जास्त, हे युरोपातल्या मोजमापांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यामुळे जाड हिरवट थराचे काप भरलेलं पाकीट चवीला बोथट असतंच, पाऱ्याच्या हिशेबातही महाग पडतं.

इटलीत सुक्या पोर्चिनीच्या प्रती १९९५ सालच्या नियमाने ठरतात: एक्स्ट्रा, स्पेचाली, कॉमेर्चाली. कापांचा रंग, आकार, अळ्यांच्या वाटा, चुऱ्याचं प्रमाण यावरून प्रत ठरते. धातूंचा या प्रतवारीशी काहीही संबंध नाही. 'एक्स्ट्रा' म्हणजे देखणी, एवढंच समजावं.

आता मातीकडे. पोर्चिनी म्हणजे बोलेटस एड्युलिस आणि तिच्या जवळच्या बहिणी. पाइन, स्प्रूस, ओक, बीच, चेस्टनट अशा झाडांच्या मुळांशी त्यांची भागीदारी असते. बुरशीचे धागे मुळांच्या टोकांवर मोजा घातल्यासारखे चढतात, झाडाकडून साखर घेतात आणि बदल्यात मातीतलं पाणी, फॉस्फरस वगैरे पुरवतात. धागे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक, त्यामुळे मुळं जिथे पोचत नाहीत अशा फटींत शिरतात. शिवाय ऑक्झॅलिकसारखी आम्लं सोडून खनिजांतले घटक विरघळवतात. म्हणजे मातीतून धातू सोडवून घेणं हे यांचं रोजचंच काम. लोह, तांबं, जस्त त्यांना हवंच असतं. कॅडमियम रासायनिक स्वभावाने जस्ताच्या जवळचं, म्हणून तेही त्याच दारातून आत शिरतं.

आत आल्यावर त्याचं करायचं काय? मोकळं सोडलं तर पेशीला विष. म्हणून गंधकवाली छोटी प्रथिनं धातूला पकडून बांधून ठेवतात. झाड काही धातू मुळांतच अडवतं, काही सालीत आणि गळणाऱ्या पानांत टाकून देतं. अळंबीला ना साल ना पान. महिनोन्‌महिने जमिनीखाली पसरलेलं जाळं जे गोळा करतं, त्यातला बराच भाग काही दिवसांत वर येणाऱ्या फळात, म्हणजे आपण खातो त्या भागात, ओतला जातो. त्यात पारा हवेतून येऊन पाचोळ्याच्या आणि कुजलेल्या वरच्या थरात अडकून राहतो, आणि यांचं जाळंही नेमकं त्याच थरात असतं.

इथे बहुतेकांचा एक घोळ होतो. माती स्वच्छ तर अळंबी स्वच्छ, असं गृहीत धरलं जातं. शिशाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. शिसं मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि बहुतेक अळंब्या त्याला फारसं आत घेत नाहीत. अळंबीत शिसं मातीपेक्षा कमीच सापडतं. जास्त सापडलं तर जवळ धातू वितळवण्याचा कारखाना, जुनी खाण, रहदारीचा रस्ता, नाहीतर नीट न धुतलेली माती, यांपैकी काहीतरी असतं. चेक प्रजासत्ताकातल्या प्रशिब्रामच्या शिशाच्या भट्ट्यांचा परिसर आणि स्लोव्हेनियातल्या इद्रियाची पाऱ्याची खाण ही याची अभ्यासलेली उदाहरणं. कॅडमियम, पारा, चांदी यांचं मात्र वेगळं आहे. इथे प्रजात आधी बोलते, माती नंतर. चेक प्रजासत्ताकातच अमानिटा स्ट्रोबिलिफॉर्मिस या अळंबीत साध्या, न बिघडलेल्या मातीतही चांदी मातीच्या ८०० ते २५०० पट आढळली. सुक्या वजनात किलोला १२५३ मिलिग्रॅमपर्यंत. आणि बटण मशरूमच्या रानटी नातेवाइकांपैकी कापल्यावर पिवळ्या पडणाऱ्या काही जाती, उदाहरणार्थ अगॅरिकस आर्वेन्सिस, हिरव्यागार कुरणात उगवूनही कॅडमियमची साठेबाजी करतात. सुक्या किलोला ५० मिलिग्रॅम तिथे नवल नाही.

पोर्चिनी या टोकाला जात नाही, पण साधीसुधीही नाही. पारा आणि सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज) ही तिची खासियत, कॅडमियम मध्यम, शिसं कमी. युरोपातल्या नियमकर्त्यांनाही हे माहीत आहे. तिथे रानअळंबीत ताज्या वजनावर किलोला कॅडमियम ०.५० मिलिग्रॅम, शिसं ०.८० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. पाऱ्याची मर्यादा रानअळंबीला ०.५०, आणि पोर्चिनीला मात्र खास सवलत देऊन ०.९०. लागवडीच्या बटण मशरूमला कॅडमियमची मर्यादा ०.०५ आहे, म्हणजे रानातल्यापेक्षा दहापट कडक. रानातल्या अळंबीला सूट मिळते ती स्वच्छ असते म्हणून नाही, ०.०५ ची अट लावली तर बाजारात फारशी रानअळंबी उरणारच नाही, म्हणून.

हे आकडे ताज्या वजनाचे आहेत, ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी. सुकवली की पाणी जातं, धातू राहतो, त्यामुळे तोच आकडा दहापट होतो. ताज्या किलोला ०.५० म्हणजे सुक्या किलोला ५. एखाद्या विक्रेत्याने सुक्या मालाचा रिपोर्ट दाखवून 'कॅडमियम ४, मर्यादेच्या आठपट' असं कोणाला घाबरवलं, किंवा उलट ताज्या वजनाचा आकडा दाखवून सुक्या मालाची जाहिरात केली, तर दोन्हीकडे पट्टी चुकलेली आहे.

आता गणित. सुक्या पोर्चिनीत किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमियम आणि ४ मिलिग्रॅम पारा धरू. युरोपातल्या मोजमापांच्या मानाने हे आकडे अवाजवी नाहीत. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची आठवड्याची सुसह्य मात्रा, म्हणजे इतकं पोटात गेलं तरी चालेल अशी मर्यादा, शरीराच्या दर किलोमागे कॅडमियमसाठी २.५ मायक्रोग्रॅम, असेंद्रिय पाऱ्यासाठी ४ मायक्रोग्रॅम आहे. अळंबीतला बहुतांश पारा असेंद्रियच असतो, माशातल्यासारखा जास्त घातक मिथाइल पारा फार थोडा. ६० किलोच्या माणसाला आठवड्याचं खातं झालं कॅडमियम १५० आणि पारा २४० मायक्रोग्रॅम.

रिसोट्टो (इटालियन मऊ भात) चार जणांचा केला तर तांदूळ साधारण ३०० ग्रॅम आणि सुकी पोर्चिनी १० ग्रॅम पुरते. माणशी अडीच ग्रॅम. म्हणजे कॅडमियम १२.५, पारा १० मायक्रोग्रॅम. आठवड्यातून एकदा खाल्लं तर काळजीचं कारण नाही. आता तेच ५० ग्रॅमचं पाकीट भिजवून दोघांनी मटणासारखं रस्सा करून संपवलं, तर माणशी २५ ग्रॅम. कॅडमियम १२५ आणि पारा १०० मायक्रोग्रॅम. आठवड्याचं कॅडमियमचं खातं एका जेवणात जवळजवळ रिकामं, आणि तांदूळ, गहू, पालेभाज्या यांतून रोज येणारं कॅडमियम अजून मोजलेलंच नाही. वीस किलोच्या मुलाचं खातं तर फक्त ५० मायक्रोग्रॅमचं. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं घेतं. एखादं जेवण जड झालं तर आभाळ कोसळत नाही, पण दर रविवारचा बेत करण्यासारखं हे नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी पोर्चिनी वासापुरतीच ठेवावी. सिगारेट ओढणाऱ्यांचं कॅडमियमचं खातं तर तंबाखूच आधी उपसत असतो.

सेलेनियम पाऱ्याला बांधतं म्हणून पोर्चिनी निर्धोक, असा दावा काही विक्रेते करतात. पोर्चिनीत सेलेनियम भरपूर असतं हे खरं, पण अळंबीतलं सेलेनियम शरीराला नीट मिळत नाही. त्याच्या भरवशावर प्रमाण वाढवू नका.

लेबल वाचताना तीन गोष्टी शोधा. शास्त्रीय नाव आहे का. 'मिक्स्ड फॉरेस्ट मशरूम' असं मोघम लिहिलं असेल तर पाकीट परत ठेवा, त्यात काहीही असू शकतं. दुसरं, उगवलेला देश. पॅक केलेला देश वेगळा आणि वेचलेला देश वेगळा असू शकतो. इटलीत पॅक झालेली पोर्चिनी बाल्कनमधली किंवा चीनच्या युन्नानमधली असणं अगदी नेहमीचं आहे. युन्नानच्या डोंगरांत मातीतच पारा जास्त आहे आणि तिथल्या बोलेटस जातींत तो चढलेला मोजला गेला आहे. तिसरं, आयातदाराचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक. एवढ्यावर धातूंचं काही कळत नाही, पण काही बिघडलं तर कोणाला विचारायचं ते तरी कळतं.

शास्त्रीय नावावरही डोळे झाकून विश्वास नको. २०१४ साली लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी दुकानातून आणलेल्या एका पोर्चिनी पाकिटातले १५ तुकडे डीएनएने तपासले. त्यांत तीन प्रजाती निघाल्या आणि तिघींपैकी एकीलाही तोवर शास्त्रीय नाव नव्हतं. माल चीनचा होता. खायला त्या ठीकच होत्या, पण त्यांना 'बोलेटस एड्युलिस' समजून कोणी युरोपातले धातूंचे आकडे लावले असते तर ते आकडे दुसऱ्याच अळंबीचे ठरले असते. आमच्या लेखी या मालाची सगळ्यात कच्ची बाजू हीच, आणि शीर्षकातले गुण इथेच कापले गेले.

पूर्व युरोपातल्या मालाबाबत एक वेगळी गोष्ट. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतरचं किरणोत्सारी सिझियम-१३७ अजून त्या जंगलांत आहे. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षं. युरोपीय संघ त्या भागातून येणाऱ्या रानअळंबीला किलोला ६०० बेकरेलची (किरणोत्सार मोजायचं एकक) मर्यादा लावतो. पोर्चिनीपेक्षा तिची तपकिरी चुलत बहीण इम्लेरिया बाडिया सिझियम जास्त धरते, कारण तिच्या टोपीतली रंगद्रव्यंच त्याला पकडून ठेवतात. मिश्र पाकिटात ती सर्रास असते. मिश्र पाकीट टाळायला हे दुसरं कारण.

भिजवण्याची पद्धत. काप आधी चाळणीत घेऊन हलवा, खाली पडणारा चुरा आणि वाळू फेका. मग गार पाण्यात तीस सेकंद खळबळून ते पाणी ओता. शिसं आणि अ‍ॅल्युमिनियम बहुतेक चिकटलेल्या मातीत असतं, ते इथे निघून जातं. नंतर १० ग्रॅमला दीड वाटी गरम पाणी घालून वीस ते तीस मिनिटं झाकून ठेवा. काप हाताने उचलून घ्या, भांडं उपडं करू नका. तळाशी गाळ असतो. पाणी मलमलच्या फडक्यातून गाळा आणि शेवटचा चमचाभर तसाच सोडून द्या. या पाण्यातच निम्मी चव आहे, म्हणून ते फेकायला सांगणारे लोक पोर्चिनी कशाला घेतात असा प्रश्न पडतो. उकळून पाणी फेकल्याने सिझियम बरंच निघतं, कॅडमियम थोडं, पारा जवळपास जागचा हलत नाही. म्हणजे पाणी फेकून पाऱ्याची काळजी मिटत नाही, नुसती चव जाते. प्रमाण कमी ठेवा आणि पाणी वापरा. मसुराच्या आमटीत किंवा साध्या पुलावात ५ ग्रॅम पोर्चिनी पाण्यासकट घातली की लसूण-कांद्याचं काम हलकं होतं.

पोर्चिनी पावडर घेऊ नका. नळ्या, अळ्यांच्या वाटा, वाळू, काहीच दिसत नाही, आणि जे काप विकायच्या लायकीचे नसतात त्यांची पावडर होण्याची शक्यता जास्त. स्टॉक क्यूबमधली पोर्चिनी मात्र इतकी नावापुरती असते की तिथे धातूंची चर्चा करणं म्हणजे उगाच डोकं पिकवणं.

पर्याय म्हणून गुच्छी सुचवली जाते. हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडातली ही अळंबी वासाला वेगळी, भावाला आणखी चढी. तिची अडचण आकारात आहे: मधाच्या पोळ्यासारख्या खळग्यांत माती बसते. उभी चिरून, आतून धुऊन, नरम ब्रशने साफ करून मगच भिजवा, आणि कच्ची कधीही खाऊ नका. वेचण्याची जागाही महत्त्वाची. अमेरिकेत जुन्या सफरचंदाच्या बागांत, जिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेड आर्सेनेट हे शिसं-आर्सेनिकचं कीटकनाशक फवारत असत, तिथे उगवलेल्या याच कुळातल्या अळंबीत शिसं आणि आर्सेनिक मिळालं आहे. फवारणी थांबून कित्येक दशकं गेली तरी माती विसरलेली नाही.

कोकण-गोव्यातली वारुळावरची अळंबी किंवा पूर्व विदर्भातल्या सात्या यांना पोर्चिनीचे आकडे चिकटवू नयेत. त्या झाडाच्या मुळांशी नव्हे, वाळवीने आणलेल्या पालापाचोळ्याच्या मळ्यावर वाढतात. अन्नाची वाटच वेगळी आहे. त्यांच्या लांब, निमुळत्या बुडख्याला जांभ्याची लाल माती चिकटलेली असते, तेवढा भाग खरवडून नाहीतर कापून टाकावा. महामार्गाच्या कडेला उगवलेली, खाणीच्या किंवा कारखान्याच्या आवारातली घेऊ नये. ओळख पक्की नसेल तर अर्थातच कुठलीच नको. धातू वर्षानुवर्षं साठतात, विषारी अळंबी काही दिवसांत निकाल लावते.

हॉटेल चालवणारे किंवा घाऊक माल मागवणारे असतील तर तपासणी करून घेणं परवडतं. घरगुती पाकिटासाठी तपासणीचा खर्च पाकिटाहून जास्त होईल. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा आणि मान्यता याच चाचणीसाठी आहे का ते पाहा. एका कापावरून काही कळत नाही, कारण एका खोक्यात शेकडो अळंब्यांचे काप असतात. वेगवेगळ्या पिशव्यांतून मिळून शंभरेक ग्रॅम घ्या, एकत्र दळा, मग त्यातला नमुना द्या. स्टीलच्या मिक्सरमध्ये दळलं तर क्रोमियम-निकेल वाढून दिसू शकतं, पारा-कॅडमियमला त्याने फरक पडत नाही. नमुना घरी ओव्हनमध्ये तापवून आणखी सुकवू नका, पारा उडून जाऊ शकतो. बंद भांड्यात नायट्रिक आम्लात विरघळवून आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर कॅडमियम, शिसं, पारा आणि आर्सेनिक मागा, आणि अहवालात निकाल सुक्या वजनावर आहे की जसा आला तसा, हे लिहूनच घ्या. लोह आणि अ‍ॅल्युमिनियमही मागितलं तर उत्तम: शिशाबरोबर हे दोन्हीही चढलेले असतील, तर दोष बहुधा न धुतलेल्या मातीचा.

साठवण सोपी आहे. पाकीट आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे अळ्या-अंडी मरतात, मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. पावसाळ्यात बरणी फ्रिजमध्येच बरी. बरणीवर तारखेच्या खाली शास्त्रीय नाव आणि देशही लिहून ठेवा, कारण पाकीट कचऱ्यात गेलं की या मालाबद्दलची तेवढी माहितीही त्याच्याबरोबर जाते.